वाचकांचे प्रश्न : व्हायलमध्ये येतो तो रिसेप्टरचा तुकडा

मागच्या अंकात पेशी एकमेकींना निरोप कसे देतात, म्हणजे सेल सिग्नलिंग, यावर लेख होता आणि त्यात 'रिकॉम्बिनंट ह्यूमन रिसेप्टर प्रोटीन' असा एक ओझरता उल्लेख होता, म्हणजे पेशीवरच्या निरोप पकडणाऱ्या रिसेप्टरचं, माणसाचा जीन दुसऱ्या पेशीत घालून बनवलेलं प्रोटीन. त्या उल्लेखावर सोलापूरहून एवढे प्रश्न आलेत की यावेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय.

ताई, मी सोलापूर विद्यापीठात एम.एस्सी. करतेय. प्रोजेक्टसाठी सरांनी एक व्हायल मागवली, लेबलवर रिकॉम्बिनंट ह्यूमन टीएनएफ आर-१, एफसी कायमेरा, ५० मायक्रोग्रॅम असं लिहिलंय आणि आत बघितलं तर काहीच दिसत नाही. रिकामी आलीय का? आणि रिसेप्टर तर पेशीच्या पडद्यात रुतलेला असतो असं शिकवलंय, मग तो सुटा होऊन बाटलीत कसा येतो?
– विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

रिकामी नाहीये गं, घाबरू नकोस. ५० मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा वीस हजारावा भाग, आणि तो फ्रीज-ड्राय केलेला, त्यामुळे तळाला किंवा काचेच्या बाजूला नुसता पुसट थर असतो, कधीकधी तोही दिसत नाही. म्हणूनच झाकण उघडायच्या आधी ती व्हायल सेंट्रिफ्यूजमध्ये थोडा वेळ फिरवून घ्यायची, नाहीतर झाकणाला चिकटलेलं प्रोटीन उघडतानाच हातचं जातं.

आता तुझा दुसरा प्रश्न, आणि खरा प्रश्न तोच आहे. शिकवलंय ते बरोबर आहे, रिसेप्टर पडद्यात रुतलेलाच असतो. त्याचा एक भाग पेशीबाहेर, एक छोटा तुकडा पडद्याच्या आत अडकलेला, आणि एक भाग पेशीच्या पोटात. घराच्या बेलचं बटण बाहेर असतं, वायर भिंतीतून जाते आणि घंटा आत वाजते, तसंच हे. तुझ्या व्हायलमध्ये फक्त बटण आलंय, वायर नाही आणि घंटाही नाही. रिसेप्टरच्या जीनमधला बाहेरच्या भागाचा कोड तेवढा घेतात, पडद्यातला चिकट, पाण्यात न विरघळणारा भाग गाळून टाकतात, मग जे प्रोटीन तयार होतं ते पडद्यात न अडकता पेशीतून बाहेर द्रवात सोडलं जातं आणि तिथून गाळून शुद्ध करता येतं. म्हणजे हे प्रोटीन स्वतः कुठलाही सिग्नल देत नाही. हे आधी डोक्यात पक्कं बसव, कारण 'रिसेप्टर टाकला म्हणजे सिग्नल वाढेल' असं धरून पोरं प्रयोग आखतात आणि रिझल्ट उलटा आला की गोंधळतात.

उलटा येणारच. टीएनएफ म्हणजे पेशीला सुजेचा किंवा मरणाचा निरोप देणारं प्रोटीन. सुटा रिसेप्टर द्रवात फिरत असतो, टीएनएफ दिसला की त्याला धरून ठेवतो आणि पेशीवरच्या खऱ्या रिसेप्टरपर्यंत पोचूच देत नाही. आणि ही आयडिया माणसाची नाही बरं का, शरीर स्वतःच हे करतं. पेशीवर एडॅम-१७ नावाचं एक एन्झाइम असतं, ते टीएनएफ रिसेप्टरचा बाहेरचा भाग कापून रक्तात सोडतं. १९८९ च्या सुमारास संशोधकांना माणसाच्या लघवीत टीएनएफला पकडून ठेवणारी प्रोटीन्स सापडली, नंतर कळलं की ती म्हणजे रिसेप्टरचेच सुटे तुकडे. मला ही गोष्ट फार आवडते, कारण पुढे औषध निघालं ते ह्याच वाटेवरून. इटानरसेप्ट म्हणजे टीएनएफच्या दुसऱ्या रिसेप्टरचा, आर-२ चा, बाहेरचा भाग आणि त्याला माणसाच्या अँटिबॉडीची शेपटी जोडलेली. अमेरिकेत १९९८ मध्ये संधिवातासाठी, ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिससाठी, त्याला मंजुरी मिळाली.

तुझ्या लेबलवरचं एफसी कायमेरा ते हेच. एफसी म्हणजे ती शेपटी. तिचा फायदा काय, तर एफसीचे दोन धागे आपोआप जोडीने बांधले जातात म्हणून रिसेप्टरचे दोन तुकडे शेजारी शेजारी येतात, आणि टीएनएफ स्वतः तीन तुकड्यांचा मिळून बनलेला असल्यामुळे त्याला एकाच वेळी दोन ठिकाणी पकडता येतं. एकटा तुकडा पकडतो आणि सोडतो, जोडी सहसा सोडत नाही.

प्रयोग कसा करायचा तेही थोडक्यात सांगते, कारण हा प्रयोग डोळ्यांनी बघण्यासारखा आहे. एल-९२९ नावाच्या उंदराच्या फायब्रोब्लास्ट पेशी घ्यायच्या, पुण्याच्या एनसीसीएस या राष्ट्रीय पेशीविज्ञान संस्थेतून मिळतात. त्या ९६ वेलच्या प्लेटमध्ये वाढवायच्या, मग अ‍ॅक्टिनोमायसिन-डी आणि टीएनएफ एकत्र टाकायचं आणि रात्रभर ठेवायचं. अ‍ॅक्टिनोमायसिनमुळे पेशीला वाचवणारी नवीन प्रोटीन्स बनत नाहीत, त्यामुळे टीएनएफचा मरणाचा निरोप पूर्ण पोचतो आणि सकाळी पेशी सुटून तरंगत असतात. आता शेजारच्या वेल्समध्ये तेच सगळं, फक्त टीएनएफ आधी तुझ्या रिसेप्टरबरोबर थोडा वेळ मिसळून मग टाकलेला. एका वेलमध्ये रिसेप्टर सगळ्यात जास्त, पुढच्यात त्याच्या निम्मा, मग त्याच्या निम्मा, असं. क्रिस्टल व्हायोलेटने रंगवलं की जिवंत पेशी जांभळ्या राहतात, आणि प्लेटवर एका टोकाला गडद जांभळं आणि दुसऱ्या टोकाला पांढरं असा उतार दिसतो. निम्म्या पेशी वाचतात तो डोस म्हणजे डेटाशीटवर ईडी-५० म्हणून लिहिलेला आकडा. तुझा आकडा त्याच्या आसपास यायला पाहिजे.

एक कंट्रोल मात्र विसरू नकोस. नुसतं एफसी, रिसेप्टर नसलेलं, तेवढ्याच मात्रेत टाकलेली एक रांग हवीच, आणि पुढे कधी मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी, वापरणार असशील तर जास्तच हवी, कारण मॅक्रोफेजवर एफसीला धरणारे त्यांचे स्वतःचे रिसेप्टर असतात आणि मग जो परिणाम दिसतो तो रिसेप्टरचा की शेपटीचा हे सांगता येत नाही. व्हायव्हात हाच प्रश्न विचारतात.

नमस्कार, आमच्या आईला पंधरा वर्षांपासून शुगर आहे, आता डोळ्याच्या पडद्याला सूज आली म्हणून डॉक्टर डोळ्यात इंजेक्शन देतात. ते म्हणाले हे रिसेप्टरपासून बनवलेलं आहे. म्हणजे दुसऱ्या माणसाच्या शरीरातून काढलेलं असतं का? आई विचारतीय, तिला काय सांगू सांगा की.
– वाचक, अक्कलकोट रोड

आईंना सांगा, कोणाच्याही शरीरातून काढलेलं नाही, निर्धास्त राहा. कागदावर अफ्लिबरसेप्ट असं नाव असेल तर डॉक्टरांनी सांगितलं ते अगदी खरं आहे. औषधाच्या नावाच्या शेवटी 'सेप्ट' असेल तर ते रिसेप्टरवर बेतलेलं, आणि 'मॅब' असेल तर अँटिबॉडी. डोळ्यात दोन्ही प्रकारची इंजेक्शनं देतात, काम साधारण एकच.

काम काय, तर शुगर खूप वर्षं वाढलेली राहिली की डोळ्याच्या पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, तिथे व्हीईजीएफ नावाचा निरोप वाढतो, त्या निरोपाने वाहिन्या पाझरायला लागतात आणि पडद्यात पाणी साचतं. व्हीईजीएफला पकडणारे रिसेप्टर वाहिन्यांवर असतात. अफ्लिबरसेप्टमध्ये त्यातल्या पहिल्या रिसेप्टरचा एक तुकडा, दुसऱ्याचा एक तुकडा आणि मागे अँटिबॉडीची शेपटी असं जोडलंय. हे प्रोटीन हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या पेशींना माणसाचा कोड देऊन कारखान्यात मोठ्या टाक्यांमध्ये बनवतात. नेहमीचा डोस २ मिलिग्रॅम, तोही ०.०५ मिलिलिटर द्रवात, म्हणजे साधा एक थेंब. अमेरिकेत २०११ मध्ये वयामुळे होणाऱ्या पडद्याच्या आजारासाठी ते मंजूर झालं आणि २०१४ मध्ये डायबेटिसमुळे येणाऱ्या सुजेसाठी.

आई इन्सुलिन घेत असतील तर आणखी एक गोष्ट त्यांना नक्की सांगा, धीर येईल. ह्यूमन इन्सुलिनही १९८२ पासून असंच, बॅक्टेरियाला किंवा यीस्टला माणसाचा कोड देऊन बनतं, जगभर कोट्यवधी लोक घेतात.

आणि हे काळजीने लिहितेय. इंजेक्शननंतर डोळा दुखायला लागला, लाल झाला, एकदम कमी दिसायला लागलं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका, त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरांकडे न्या. पुढची तारीखही चुकवू नका. हे औषध काही आठवड्यांत उतरतं आणि सूज परत येते, एका इंजेक्शनने बरं वाटलं म्हणून कितीतरी लोक थांबतात आणि मग नजर जाते.

आमच्या लॅबमध्ये मी असिस्टंट आहे. मे महिन्यात इथलं ऊन तुम्हाला माहितीच आहे, त्यात लाइट जाते. अशी प्रोटीन्स कशी ठेवायची? एकदा विरघळवल्यावर फ्रीजमध्ये ठेवली तर चालतात का?
– वाचक, होटगी रोड

हा प्रश्न विचारलात ते फार बरं केलंत, कारण लाखमोलाचं प्रोटीन शेवटी तुमच्याच हातात असतं. पावडर स्वरूपात असताना ते बऱ्यापैकी दणकट असतं, म्हणून कंपन्या बरेचदा साध्या तापमानाला किंवा नुसत्या आइस पॅकवर पाठवतात आणि पार्सल थोडं कोमट आलं म्हणून लगेच घाबरायचं कारण नसतं. पण सोलापुरात दुपारी ४२-४३ डिग्रीला पार्सल गेटवरच्या केबिनमध्ये पडून राहणं वेगळं, तेव्हा गेटवर सांगून ठेवा की आल्याबरोबर फोन करा.

खरी नाजूक वेळ विरघळवल्यानंतरची. डेटाशीटवर सांगितलेला बफर, बहुतेक वेळा स्टराइल पीबीएस, बाजूच्या काचेवरून हळू सोडायचा, व्हॉर्टेक्सवर अजिबात धरायचं नाही, फेस आला की प्रोटीन हवेच्या बुडबुड्यांवर उलगडतं. थोडा वेळ तसंच ठेवून हलक्या हाताने फिरवायचं. मग लगेच छोट्या छोट्या ट्यूबमध्ये वाटून टाकायचं, एका ट्यूबमध्ये एका प्रयोगापुरतं, आणि उणे २० किंवा जमलं तर उणे ७० ला. एक ट्यूब काढली की ती संपवायची, परत गोठवायची नाही. गोठताना आधी पाण्याचा बर्फ होतो, मीठ आणि प्रोटीन उरलेल्या पाण्यात दाटतं, फॉस्फेट बफरचा पीएचसुद्धा खाली घसरतो, आणि हे दरवेळी होतं. साध्या फ्रीजमध्ये किती दिवस टिकेल ते प्रत्येक प्रोटीनचं वेगळं, डेटाशीटवर जे लिहिलंय तेच धरा.

फ्रॉस्ट-फ्री फ्रीजर मात्र नको. त्यात बर्फ साचू नये म्हणून अधूनमधून आपोआप गरम होतं आणि तुमची ट्यूब तुम्हाला न कळता वितळून परत गोठते. लाइट गेली तर फ्रीजरचं दार उघडून बघायचं नाही, भरलेला फ्रीजर बंद दाराने बराच वेळ थंड राहतो. खालच्या कप्प्यात जेल पॅक भरून ठेवा.

आणि डेटाशीटवर 'कॅरियर-फ्री' आहे का बघा. फार कमी मात्रेतलं प्रोटीन प्लॅस्टिकच्या भिंतीला चिकटून जातं, म्हणून त्यात बीएसए, म्हणजे गाईच्या रक्तातलं साधं प्रोटीन, मिसळून देतात; तसं न मिसळलेलं ते कॅरियर-फ्री. तुमची व्हायल कॅरियर-फ्री असेल आणि प्रयोगाला चालत असेल तर ०.१ टक्का बीएसए तुम्हीच घाला. पण प्रोटीनला डाय किंवा बायोटिन जोडायचं असेल तर नको, कारण मग सगळा डाय बीएसएलाच लागतो.

एकाच रिसेप्टरच्या तीन व्हायल्सचे भाव तीन वेगळे, एक ई. कोलायमधला, एक एसएफ-२१ मधला, एक एचईके-२९३ मधला. एवढा फरक कशाचा? स्वस्त घेतला तर काय बिघडतं?
– प्राध्यापक, सोलापूर

सर, काय बिघडतं ते तुम्ही त्याच्याकडून काय काम घेणार यावर आहे. ई. कोलाय हा बॅक्टेरिया भराभर वाढतो, खर्च कमी, पण तो प्रोटीनवर साखरेच्या साखळ्या चढवत नाही आणि त्याच्या पोटात डायसल्फाइड बंध, म्हणजे प्रोटीनची घडी धरून ठेवणारे टाके, नीट जुळत नाहीत. टीएनएफ आर-१ चा बाहेरचा भाग बघा, त्यात सिस्टिनने भरलेले चार भाग एकामागून एक आणि प्रत्येकात साधारण तीन बंध, एवढे बंध बरोबर जोडीनेच जुळायला पाहिजेत. बॅक्टेरियात त्याचा गोळा होऊन बसतो, मग तो युरियात विरघळवून परत हळूहळू घडी घालावी लागते. हे जमतं, चांगलं जमलेलं मी पाहिलंय, पण प्रत्येक बॅच तपासावी लागते. नुसतं वेस्टर्न ब्लॉटला स्टँडर्ड म्हणून हवं असेल तर स्वस्तातलं बेलाशक घ्या. बायंडिंग मोजायचं असेल तर नको.

एसएफ-२१ या पेशी कुठल्या माहितीये? ज्या लष्करी अळीने २०१८ मध्ये भारतात येऊन मक्याचं वाटोळं केलं, आपल्या जिल्ह्यातले शेतकरी अजून तिच्या नावाने बोटं मोडतात, त्याच अळीच्या कोषातल्या अंडाशयाच्या पेशी. त्यांना बॅक्युलोव्हायरस या किड्यांच्या व्हायरसमधून जीन देतात. घडी चांगली पडते, साखरही चढते, पण ती किड्याच्या पद्धतीची, आखूड आणि साधी. काही रिसेप्टर्सचा आतला भाग, म्हणजे इतर प्रोटीन्सना फॉस्फेट चिकटवणारा कायनेज, बनवायला या पेशी उत्तम आणि तिथे साखरेचा प्रश्नच येत नाही. ईजीएफआर या वाढीचा निरोप घेणाऱ्या रिसेप्टरचंच घ्या, बाहेरचा भाग हवा तर एक व्हायल आणि कॅन्सरच्या औषधांची चाचणी करायला आतला कायनेज हवा तर दुसरी, लेबलवर दोन्हीकडे ईजीएफआरच लिहिलेलं असतं! ऑर्डर देताना अमिनो आम्लांचे आकडे, कुठून कुठपर्यंत, ते वाचूनच द्या.

एचईके-२९३ या माणसाच्या पेशी, म्हणून घडी आणि साखर माणसाच्या सगळ्यात जवळची आणि भावही त्यानुसार. या पेशींचं मूळही सांगायला हवं, कारण लोक विचारतात आणि लपवण्यात अर्थ नाही. नेदरलँड्समधल्या लायडनला १९७३ च्या सुमारास एका मानवी गर्भाच्या मूत्रपिंडाच्या पेशींत अ‍ॅडिनोव्हायरसचा डीएनए घालून ही लाइन बनली, फ्रँक ग्रॅहम यांचा तो २९३ वा प्रयोग, म्हणून तो आकडा. तेव्हापासून त्याच पेशी वाढवत आणल्यात, नवीन गर्भ त्यासाठी लागत नाही. तरी ज्यांना हे मनाला पटत नाही त्यांचं मत मला आदराने ऐकावंसं वाटतं, त्यांना सीएचओ पेशींचा, त्याच हॅमस्टरच्या, पर्याय आहे आणि तो बहुतेक कामांना पुरतो.

भावापेक्षा मी एंडोटॉक्सिनचा आकडा आधी बघते. ई. कोलायमधल्या प्रोटीनसोबत त्याच्या भिंतीचा अंश, म्हणजेच एंडोटॉक्सिन, येतो आणि तो नॅनोग्रॅममध्ये असला तरी मॅक्रोफेज खवळतात, स्वतःच टीएनएफ सोडायला लागतात, आणि आपण समजतो रिसेप्टरने केलं. शंका आली तर थोडं प्रोटीन उकळून टाकून बघा. उकळल्यावर प्रोटीन मरतं, एंडोटॉक्सिन मरत नाही, म्हणजे उकळलेल्यानेही तोच परिणाम आला तर दोषी कोण ते कळलं.

नेट परीक्षेची तयारी करतोय. जीपीसीआर हे सगळ्यात मोठं रिसेप्टर कुटुंब, मग त्यांच्या अशा व्हायल्स फारशा का दिसत नाहीत?
– विद्यार्थी, विजापूर रोड

कारण जीपीसीआर, म्हणजे जी-प्रोटीनमार्फत निरोप आत देणारा रिसेप्टर, पडद्यातून सात वेळा आत-बाहेर जातो, कापून वेगळा काढावा असा बाहेरचा भाग बहुतेकांना नसतोच, आणि निरोपाचा रेणू बरेचदा त्या सात खांबांच्या मधोमध बसतो. पडद्यातून काढला की कोसळतो. म्हणून एकतर पडद्याचे तुकडेच विकतात, नाहीतर डिटर्जंटमध्ये किंवा नॅनोडिस्कमध्ये, म्हणजे पडद्यासारख्या चिमुकल्या चकतीत, धरून ठेवावा लागतो. ब्रायन कोबिल्का या अमेरिकन शास्त्रज्ञांनी अ‍ॅड्रिनलिनच्या बीटा-२ रिसेप्टरवर वर्षानुवर्षं घालवली, १९८६ ला जीन मिळाला होता, रचना दिसली २००७ ला, तीही त्या रिसेप्टरच्या एका डगमगत्या भागाच्या जागी टी-४ लायसोझाइम नावाचं घट्ट प्रोटीन घालून किंवा अँटिबॉडीचा आधार देऊन. २०११ ला जी-प्रोटीनला धरलेल्या अवस्थेत तो दिसला आणि २०१२ ला लेफ्कोविट्झ यांच्यासोबत केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. माणसात असे साधारण ८०० रिसेप्टर आहेत. परीक्षेत ही वर्षं विचारतीलच असं नाही, पण सुटा तुकडा आणि पूर्ण रिसेप्टर यातला फरक नक्की विचारतात.

आमच्या कॉलेजात असं प्रोटीन आम्हीच बनवू शकतो का? विकत घेणं परवडत नाही.
– शिक्षिका, सात रस्ता

बनवू शकता, पण रिसेप्टरपासून सुरू करू नका मॅडम. आधी ई. कोलायमध्ये सहा हिस्टिडिनची शेपटी लावलेलं जीएफपी, म्हणजे हिरवं चमकणारं प्रोटीन, बनवा. निकेलच्या कॉलममधून गाळताना हिरवा पट्टा कॉलमवर थांबलेला आणि इमिडॅझोल टाकल्यावर खाली सरकताना मुलांना साध्या डोळ्यांनी दिसतो, शुद्धीकरण म्हणजे काय हे त्या दहा मिनिटांत समजतं. मग एखाद्या सोप्या रिसेप्टरचा बाहेरचा भाग घ्या. फक्त यातलं काहीही सुरू करायच्या आधी कॉलेजची आयबीएससी, म्हणजे बायोसेफ्टी कमिटी, नोंदवलेली आहे का ते बघा. जीन जोडून जीव बदलायचं काम १९८९ च्या नियमांखाली येतं आणि कमिटीशिवाय ते करता येत नाही. तयार शुद्ध प्रोटीन विकत घेऊन वापरणं म्हणजे जीव बदलणं नाही, त्यामुळे ह्या वर्षीचं प्रॅक्टिकल त्याच्यावर अडवून ठेवू नका. कमिटी नसेल तर जवळच्या संस्थेशी बोलून पहिली बॅच त्यांच्याकडे करा आणि शुद्धीकरणापासून पुढचं तुमच्या लॅबमध्ये आणा.